मावशीचा अंगठा : कथा लिहू पाहणाऱ्यांसाठी

तालुक्याच्या गावी एका वाचनालयात मी अधूनमधून कथालेखनाचं शिबिर घेतो. वीस-पंचवीस माणसं येतात. कुणी निवृत्त, कुणी नुकतंच नोकरीला लागलेलं, कुणी दिवसभरासाठी दुकान भावावर सोपवून आलेलं. गेल्या खेपेला एका तरुण शिक्षिकेने दोन पानं वाचून दाखवली. तिच्या मावशीची हकिकत होती. आजोबा वारले, जमिनीवर वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर मामांच्या जोडीला दोन्ही बहिणींची नावं लागली. वर्षभराने मामांनी मावशीला हक्कसोडपत्रासाठी बोलावून घेतलं. मावशी सकाळच्या एसटीने आली. निबंधक कार्यालयात फोटो निघाला, पण अंगठा काही यंत्रावर उमटेना. जन्मभर खुरपणी, शेणगोठा आणि राखेने भांडी घासून बोटांच्या रेषाच झिजलेल्या. मामांनी रुमालाने तिचा अंगठा पुसला, मग ओला करायला लावला, मग केसांतल्या तेलावर घासून बघायला सांगितलं. सातव्या-आठव्या वेळी यंत्राने तो एकदाचा घेतला. दुपारी घरी मामीने साडीचोळी केली आणि संध्याकाळच्या गाडीने मावशी परत गेली.

वाचून झाल्यावर सगळे गप्प बसले. मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "चांगलंय, पण यात कथा कुठंय?" शिक्षिका जरा दुखावली. म्हणाली, "सर, पण हे सगळं खरं घडलंय."

खरं घडलंय, ही कथेच्या वतीने दिलेली सर्वांत लंगडी साक्ष. दिवाळी अंकांकडे जाणाऱ्या कथांपैकी निदान निम्म्यांच्या पाठीशी एवढीच साक्ष उभी असते. घडलं ते हकिकत. ती सांगताना आपण काय ठेवतो, काय गाळतो, कुणाच्या तोंडून सांगतो आणि कुठे थांबतो, यातून कथा होते. त्या दोन दिवसांत आम्ही मावशीचीच हकिकत घेऊन बसलो. तुम्हीही एखादी हकिकत मनाशी घेऊन बसा, म्हणजे पुढचं बोलणं कोरडं वाटणार नाही.

आधी बीज. शिक्षिकेच्या दोन पानांत काय काय होतं ते मोजलं. आजोबांचं आजारपण अर्धं पान, मामांच्या लग्नातले रुसवेफुगवे पाव पान, मुलींच्या वारसाहक्काच्या कायद्याची माहिती पाव पान आणि अंगठ्याची गोष्ट अडीच ओळी. आणि चहाच्या सुट्टीत खोलीतली सगळी माणसं बोलत होती ती अंगठ्याबद्दलच. एकाच्या आजीचंही रेशन दुकानात असंच झालं होतं. एकजण स्वतःचा अंगठा उजेडात धरून बघत होता.

बीज ओळखण्याची माझी रीत हीच आहे. मनातली हकिकत एखाद्या मित्राला तोंडी सांगा. मध्ये एक दिवस जाऊ द्या आणि त्याला विचारा, काय आठवतंय? त्याला जे आठवतं ते बहुतेक वेळा तुम्ही घाईत सांगून टाकलेलं असतं. तुम्ही जिथे घसा खरवडून, हातवारे करून सांगितलं, ते त्याने केव्हाच सोडून दिलेलं असतं.

पण अंगठाच का लक्षात राहतो? त्या एका दृश्याच्या पोटात एकमेकींशी न पटणाऱ्या दोन गोष्टी आहेत. ज्या जमिनीवर मावशी हक्क सोडायला आली, त्याच जमिनीत लग्नाआधी राबून तिची बोटं झिजायला लागली होती. हक्काचा खरा दाखला तिच्या हातावर आहे आणि नेमक्या त्याच दाखल्यामुळे हक्क सोडणं अडून बसलं आहे. आता हे मी तुम्हाला उलगडून सांगतोय ते लेखाच्या सोयीसाठी. कथेत यातलं एक वाक्य जरी लिहिलंत, तरी कथा तिथेच मेली म्हणून समजा. वाचकाला स्वतःहून ते दिसलं पाहिजे, आणि दिसलं की आपल्यालाच सापडलं असं वाटलं पाहिजे.

एडगर ॲलन पोने १८४२ साली हॉथॉर्नच्या कथांवर लिहिताना एक गोष्ट बजावून सांगितली होती. कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिच्यातल्या प्रत्येक शब्दाने आधीच ठरवलेला एकच परिणाम साधावा. पोच्या कथा आज कुणाला आवडोत न आवडोत, ही सूचना मात्र कामाची आहे. आजोबांचं आजारपण अंगठ्याला काही देतं का? मामांच्या लग्नातले रुसवे देतात का? देत नसतील तर ते कादंबरीसाठी ठेवा, किंवा घरच्यांसाठी.

आता माणसं. शिक्षिकेला विचारलं, मावशीला काय हवं होतं? ती चटकन म्हणाली, "न्याय." वर्तमानपत्राच्या मथळ्यात हे शोभतं. पण सकाळच्या एसटीतून उतरलेल्या, पिशवीत भावाच्या पोरांसाठी शेंगदाण्याचे लाडू घेऊन आलेल्या बाईला त्या दिवशी दुपारी चारच्या आत काय हवं होतं? बराच वेळ विचार करून ती म्हणाली, "मामाने 'आक्का, जेवून जा' म्हणावं, एवढंच." मग थोडं थांबून म्हणाली, "सही नाही दिली तर पुढच्या दिवाळीला कुणी बोलावणार नाही, हे तिला माहीत होतं."

इथे कथेला पाय फुटले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला, २००५ मध्ये केंद्राने दिला. कायदा मावशीच्या बाजूने आहे. माहेर मात्र सातबाऱ्यावर नसतं. एका हाताने जमीन सोडायची आणि दुसऱ्या हाताने उंबरा धरून ठेवायचा, असा तो पेच आहे. पात्राला काहीतरी हवं असावं आणि ते मिळवायला दुसरं काहीतरी गमवावं लागावं. कथेतला संघर्ष म्हणतात तो एवढाच. त्यासाठी आरडाओरडा, थप्पड, कोर्टकचेरी असं काही लागत नाही.

आणि मामा? पहिल्या खर्ड्यात मामा म्हणजे सिनेमातला सावकार होता, मिशीवरून हात फिरवणारा. नवख्या लेखकाला एक तरी दुष्ट माणूस लागतोच. त्याशिवाय आपली बाजू न्यायाची आहे हे त्याला सिद्ध करता येत नाही. पण मूळ हकिकतीत मामांनी स्वतःचा रुमाल काढून बहिणीचा अंगठा पुसला होता! त्या क्षणी तो माणूस काय करत होता? काम उरकत होता, हे खरंच. पण लहानपणी याच बहिणीने त्याचं नाक पुसलं असेल, शाळेत जाताना त्याच्या हातावरची शाई पुसली असेल. माया आणि लबाडी एकाच रुमालात आहे. असा माणूस दुष्ट माणसापेक्षा फार जड जातो, लिहायलाही आणि वाचायलाही. तुमच्या कथेतल्या ज्या पात्राचा तुम्हाला राग येतो, त्याला एक तरी काम असं करायला लावा की ज्याबद्दल तुम्हाला त्याचा राग धरता येणार नाही.

यानंतरचा प्रश्न माझ्या मते सर्वांत मोठा, आणि शिबिरांत त्यावर सर्वांत कमी बोललं जातं. हे सगळं कोण सांगतंय? 'प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी' असा शाळेतल्या व्याकरणासारखा हा प्रश्न विचारला की लोक कंटाळतात. तो असा विचारून पाहा : त्या खोलीत तुम्ही कुठे उभे आहात आणि तिथून तुम्हाला काय दिसत नाही?

मावशीच्या तोंडून सांगितलं तर वाचक तिच्या पोटातलं सगळं ऐकेल. पण मग मावशीला स्वतःच्या झिजलेल्या अंगठ्याचं इतकं नवल का वाटावं? तिच्या दृष्टीने तो अंगठा आहे, बस्स. मामाच्या तोंडून सांगितलं तर कथा तिरकी होईल. तो स्वतःची बाजू मांडत राहील आणि वाचक त्याच्या वाक्यांच्या फटीतून खरं बघेल. हे अवघड आहे, पण जमलं तर फार गमतीचं. यंत्रासमोर बसलेला कंत्राटी मुलगा सांगू लागला तर? त्याला या घराचं काहीच ठाऊक नाही. त्याच्या लेखी दिवसभरात असे पंधरा अंगठे येतात, आणि जेवणाची सुट्टी व्हायला दहा मिनिटं उरलेली आहेत.

दोन मराठी कथा या दृष्टीने पुन्हा वाचा. बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३ च्या त्याच नावाच्या संग्रहातली. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परक्या गावात खोली मिळवण्यासाठी जात लपवतो. ही कथा 'मी'शिवाय कुणी सांगितली असती तर ती एका अन्यायाची बातमी झाली असती. 'मी' सांगतो म्हणून आपण त्याच्याबरोबर ते खोटं बोलतो, आणि कुणी ओळखेल का या भीतीने प्रत्येक ओळीला मागे वळून बघतो. दुसरी जी. ए. कुलकर्णींची 'कैरी'. मावशीच्या संसाराची परवड तिथे एका लहान मुलाच्या नजरेतून दिसते. मुलाला बरंच काही दिसतं, त्यातलं थोडंच कळतं. दिसणं आणि कळणं यांच्यामधली ती जागा वाचकाने भरायची आहे. एखाद्या समजूतदार मोठ्या माणसाने ती सांगितली असती तर भरायला जागाच उरली नसती.

आमच्या शिक्षिकेने बराच खल करून शेवटी भाचीच्या नजरेतून लिहायचं ठरवलं. मी विचारलं, "भाचीच का? तू स्वतः भाची आहेस म्हणून?" ती म्हणाली, "नाही सर. माझ्या आईने आधीच सही करून दिली होती. मावशीने द्यावी म्हणून मामाने आईलाच फोन करायला सांगितला. आणि त्या दिवशी मावशीसोबत आईने मला पाठवलं." ही गोष्ट पहिल्या खर्ड्यात औषधालाही नव्हती! मावशीची बाजू घेऊन लिहिणारी ही मुलगी त्या खोलीत मावशीला घेऊन आलेली होती. निवेदक निवडताना असा शोधा : ज्याला सांगताना कुठेतरी टोचेल.

एक बारीक सूचना. निवेदक एकदा ठरला की त्याची हद्द पाळा. भाची सांगत असेल तर 'मामांच्या मनात अपराधीपणाची लाट उसळली' हे तिला कुठून कळलं? तिला फार तर मामा खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघताना दिसतील. नव्या कथांमध्ये ही चूक इतकी असते की संपादक ती मोजायचंही सोडून देतात.

सुरुवात कुठून करायची, यावर मी अगदी आडमुठा आहे. उशिरात उशिरा सुरू करा. पहिल्या खर्ड्याची सुरुवात 'आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी सातवीत होते' अशी होती. तिथून निबंधक कार्यालयापर्यंत यायला दीड पान लागलं आणि वाचक वाटेतच एखाद्या फाट्यावर उतरून गेला. तिने दुसऱ्यांदा लिहिलं ते साधारण असं होतं :

"पुन्हा ठेवा," काउंटरमागचा मुलगा म्हणाला. मावशीने पुन्हा ठेवला. पडद्यावर लाल चौकोन आला. "आक्का, दाबून ठेव की जरा," मामा म्हणाले. मावशीने नखं पांढरी होईपर्यंत अंगठा दाबला. लाल चौकोन. मामांच्या मांडीवर दुकानाची पिशवी होती आणि तिच्यातून निळ्या साडीचा काठ दिसत होता.

सहा-सात वाक्यं आहेत. आजोबा गेलेत, जमीन आहे, मामांना घाई आहे, नातं बहीणभावाचं आहे, साडी सही व्हायच्या आधीच घेऊन झालेली आहे. सगळं आलं, कुठे काही सांगावं लागलं नाही. मूळ हकिकतीत साडी दुपारी घरी गेल्यावर मामीने दिली होती. शिक्षिकेने ती सकाळीच मामांच्या मांडीवर आणून ठेवली. हे खोटं आहे का? हो. पण या खोट्याने मामांची तयारी एका काठात दिसते. आजोबांचा अर्धांगवायू पुढे कुठेतरी अर्ध्या वाक्यात येऊन गेला, तेवढा पुरला.

इथे थोडा इतिहास सांगण्याचा मोह होतो आहे. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केलं आणि त्यात 'स्फुट गोष्टी' लिहिल्या, त्या काळी वाचकाला हाताला धरून, हळूहळू, ओळख करून देत गोष्टीत नेण्याची पद्धत होती. ना. सी. फडक्यांनी १९३१ च्या 'प्रतिभासाधन'मध्ये तंत्राची बाजू लावून धरली. सुरुवात आकर्षक हवी, उत्कंठा वाढत जायला हवी, शेवट चटका लावणारा हवा. पुढे १९४५ च्या आसपास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर, पु. भा. भावे यांच्या नवकथेने घटनांची ही बांधीव इमारत मोडली आणि एखाद्या मनःस्थितीवर, एखाद्या माणसावरच कथा उभी राहू शकते हे दाखवलं. तेव्हापासून फडक्यांच्या तंत्राची टिंगल करणं ही आपल्याकडे एक रीतच होऊन बसली आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. तंत्र मोडायचं तर ते आधी हातात असावं लागतं. शिबिरात येणाऱ्या दहा जणांतले आठ जण 'माझी कथा नवकथेच्या अंगाने जाते' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की तिच्यात काही घडत नाही.

तपशिलाबद्दल थोडक्यात. माडगूळकरांचं 'माणदेशी माणसे' (१९४९) उघडा आणि एकेक व्यक्ती किती थोड्या रेषांत उभी राहते ते पाहा. माडगूळकर चित्रंही काढत. कुठली रेष ओढायची नाही हे चित्रकाराला लवकर कळतं. निबंधक कार्यालयाचं वर्णन करायचं म्हणून पंखा, फायलींचे गठ्ठे, भिंतीवरचे महापुरुषांचे फोटो, पाण्याचा माठ हे सगळं लिहू नका. सरकारी कचेरी म्हटल्यावर वाचकाच्या डोक्यात ते आपोआप येतं. त्याच्या डोक्यात नसलेलं एकच काहीतरी द्या. शिक्षिकेने दिलेलं मला अजून आठवतं : यंत्राच्या काचेवर आधीच्या माणसाच्या अंगठ्याचा तेलकट डाग होता आणि मावशीने तो आधी पदराने पुसला.

मी तिला विचारलं होतं, मामांच्या पिशवीतली साडी कोणत्या रंगाची? ती म्हणाली, "आठवत नाही." म्हटलं, ठरव. तिने निळी ठरवली. रंग कोणता ते फारसं महत्त्वाचं नाही, पण लिहिणाऱ्याला तो दिसलेला असला पाहिजे. ज्याला साडी दिसत नाही त्याला बाई काय दिसणार!

संवाद हा आपला हातखंडा आहे अशी बहुतेकांची समजूत असते, कारण बोलता सगळ्यांना येतं. मग कथेतला मामा म्हणतो, "आक्का, तुला माहीतच आहे की आपले वडील गेल्या वर्षी कार्तिक महिन्यात वारले आणि त्यांची पाच एकर जमीन आपल्या तिघांच्या नावे झाली." बहिणीला हे माहीत आहे, भावाला माहीत आहे, वाचकाला कळावं म्हणून दोघं एकमेकांना सातबारा वाचून दाखवताहेत. माणसं मुद्द्याचं सोडून भलतंच बोलतात आणि मुद्दा त्या भलत्यातून डोकावतो. त्या दिवशी मावशी मामांना म्हणाली होती, "विहिरीवरचा जांभूळ हाय का रं अजून?" मामा म्हणाले, "तोडला गं. मोटारीला आडवा यायचा." बस्स. पाच एकरांचा हिशेब या दोन वाक्यांत झाला.

बोलीचा प्रश्न इथेच येतो. पात्रं ज्या भागातली आहेत तिथलीच बोली त्यांच्या तोंडी घाला आणि ती तुमच्या कानावरची असू द्या. कोल्हापूरकडची बाई, वऱ्हाडातला शेतकरी आणि मालवणचा खलाशी हे तिघे एकाच 'ग्रामीण' भाषेत बोलू लागले की वाचकाला टीव्हीवरची मालिका आठवते. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी कथाकथनाने गावोगावी सभागृहं भरवली, त्यामागे विनोद होताच; पण त्यांच्या कथांतली वाक्यं मुळात तोंडात बसणारी होती, हेही होतं. संवाद लिहून झाला की मोठ्याने म्हणा. जिथे जीभ अडखळेल तिथे वाक्य चुकलं आहे. निवेदन कोणत्या भाषेत ठेवायचं हे मात्र आधी ठरवा. भाची शिकलेली, शहरात नोकरी करणारी असेल तर ती प्रमाण मराठीत सांगेल आणि मावशी आपल्या बोलीत बोलेल. त्या दोघींच्या भाषेतलं अंतरही मग कथेचाच भाग होतं. परिच्छेदाच्या मध्येच निवेदन 'व्हतं', 'न्हवतं' करायला लागलं तर ते घसरणं आहे.

आता शेवट. शिक्षिकेने आणलेल्या पहिल्या शेवटात मावशी कागद फाडून टाकते, "माझ्या बापाच्या घामाची जमीन आहे ही!" म्हणते आणि कचेरीतले लोक टाळ्या वाजवतात. दुसऱ्या शेवटात परतीच्या वाटेवर एसटीतच मावशी प्राण सोडते. शिबिरांतल्या कथांमध्ये मरणाचं प्रमाण फार आहे. लेखकाला कथा संपवता येत नाही तेव्हा तो माणूस संपवतो.

शेवट कसा असतो ते पाहायला अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं' वाचा. मुंबईच्या उपनगरातली खाण बंद पडते, भीमाचं काम जातं. एकदा स्मशानातल्या राखेत त्याला सोनं सापडतं आणि तो प्रेतं उकरून सोनं शोधू लागतो. एका रात्री पुरलेल्या प्रेतासाठी त्याची कोल्ह्यांशी झुंज होते. शेवटी त्या प्रेताच्या तोंडातलं सोनं काढताना त्याची बोटं जबड्यात अडकतात आणि तो ती गमावून बसतो. त्याच दिवशी बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याचं कळतं. कुणी म्हणेल हा योगायोग. पण पाहा, त्या शेवटातल्या दोन्ही गोष्टी, खाण आणि हात, पहिल्यापासून कथेत आहेत. भीमाकडे विकायला होतं काय, तर हातांतलं बळ. ते गेलं आणि त्याच दिवशी कामाने दार ठोठावलं. बाहेरून एकही माणूस, एकही वस्तू आणावी लागली नाही. कथेचा शेवट हा कथेतच आधी मांडून ठेवलेल्या सामानातून व्हावा.

मावशीच्या कथेतलं सामान काय? काच, अंगठा, पदर, रुमाल, साडी, काउंटरमागचा मुलगा. दुसऱ्या दिवशी दुपारी शिक्षिकेने तिसरा शेवट वाचला. आठव्या वेळी चौकोन हिरवा होतो. मुलगा म्हणतो, "झालं. काढा आता." मामा उठून उभे राहतात, पिशवी सावरतात. मावशीचा अंगठा काचेवरच आहे. मुलगा पुन्हा म्हणतो, "आजी, झालं. काढा." तिथे कथा थांबली. मागच्या रांगेतला तो मघाचा गृहस्थ या वेळी काही बोलला नाही.

तरी खरं सांगायचं तर त्या शेवटानंतर तिने आणखी तीन ओळी लिहिल्या होत्या. स्त्रीच्या नशिबी सोडणंच आलं, अशा अर्थाच्या. आम्ही त्या खोडल्या. पहिल्या खर्ड्याचा शेवटचा परिच्छेद न वाचताच खोडावा असं मी सांगतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. पहिला परिच्छेदही पुष्कळदा जातो. घसा साफ करण्यापुरता तो लिहिलेला असतो.

शीर्षकावर फार वेळ घालवू नका. 'हक्क', 'वेदना', 'घुसमट', 'ती' ही शीर्षकं आता निवृत्त करावीत अशी माझी नम्र मागणी आहे. कथेतली एखादी वस्तू किंवा कुणाच्या तोंडचा एखादा शब्द उचलावा. तिने आधी 'हक्कसोड' ठेवलं होतं. ते सगळं आधीच सांगून टाकत होतं. 'झालं, काढा आता' हे बरं वाटलं.

मग पुनर्लेखन. कथा लिहून झाली की निदान तीन आठवडे ती नजरेआड ठेवा. तुमच्या डोक्यातली मूळ हकिकत विसरायला तेवढा वेळ लागतो, आणि ती विसरल्याशिवाय कागदावर खरोखर काय आलंय ते दिसत नाही. 'सत्यकथा'चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना कथेतल्या एकेका जागेबद्दल कळवत, चर्चा करत, पुन्हा लिहायला सांगत. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडलं. आज तसा संपादक मिळणं भाग्याचं. म्हणून एक तरी वाचक असा गाठून ठेवा जो तुम्हाला घाबरत नाही. घरातली माणसं शक्यतो टाळा. ती एकतर कौतुक करतात नाहीतर "हा मामा म्हणजे आमचा दादाच ना?" म्हणून विचारतात.

अंकाकडे पाठवताना दोन-तीन गोष्टी पाळा. दिवाळी अंकाची जुळवाजुळव पावसाळ्याच्या तोंडावरच सुरू झालेली असते. गणपतीत कथा पाठवून दिवाळीला छापून येण्याची वाट पाहू नका. एकच कथा एकाच वेळी चार अंकांकडे पाठवू नका. सोबतच्या पत्रात कथेचा आशय समजावून सांगू नका; जे कथेतून कळलं नाही ते पत्रातून कळून उपयोग नाही. ओळख नसली की छापत नाहीत, ही तक्रार मीही तरुणपणी केलेली आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने. मोठं नाव लपवून पाठवलेल्या त्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. म्हणजे निदान कधीकधी तरी परीक्षक नाव न बघता कथा वाचतात.

शिक्षिकेने कथा अजून कुठे पाठवलेली नाही. परवा तिचा फोन आला. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मावशीकडे गेली होती, आणि घरच्यांना दाखवू नकोस हे माझं सांगणं धाब्यावर बसवून तिने कथा मावशीलाच वाचून दाखवली. मावशी लसूण सोलत ऐकत होती. जांभळाच्या झाडाशी आल्यावर तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. वाचून संपल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "समदं बराबर हाय. पर साडी निळी नव्हती गं. मोरपंखी हुती."

"बदलू का सर?" शिक्षिकेने मला विचारलं.

मी म्हटलं, काठ कसले होते तेवढं विचारून घे.